आवाज लहान असलेल्या बॅरिटोनने ऑपेरात जावं का, आणि फिशर-डीस्काऊच्या करिअरमधून काय घ्यावं

तुमचा प्रश्न मला असा समजला: वय २३, मुंबईत कॉयरमध्ये गाता, ट्रिनिटीची आठवी ग्रेड झालीय, आवाज बॅरिटोन (पुरुषांच्या आवाजातला मधला प्रकार), गेलं वर्षभर डीट्रिश फिशर-डीस्काऊ हा जर्मन बॅरिटोन ऐकताय आणि त्याच्यासारखंच जर्मन गाणी आणि ऑपेरा दोन्ही करायचं मनात आहे. पण तुमचे सर म्हणाले की आवाज ऑपेराला पुरणार नाही, चर्च आणि लहान हॉल एवढंच जमेल. तर जर्मनीला यायचा खटाटोप करावा का, आणि फिशर-डीस्काऊचाही आवाज काही राक्षसी नव्हता तर त्याने एवढी वर्षं कसं निभावलं, असं तुम्हाला विचारायचंय.

मी जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या ऑपेरा हाऊसमध्ये कोरेपेटिटर आहे. म्हणजे ऑर्केस्ट्रा तालमीला यायच्या आधी कित्येक आठवडे पियानोवर बसून गायकांकडून भूमिका बसवून घ्यायच्या, उच्चार, ताल, श्वास कुठे घ्यायचा, कुठे आवाज राखून ठेवायचा हे सगळं, ते माझं काम. ऑडिशनलाही पियानोवर बहुतेक वेळा मीच असते, त्यामुळे कोणाला घेतलं, कोणाला नाही, आणि का, हेही कानावर पडतं. त्या अनुभवावरून लिहितेय.

आधी जे सांगता येणार नाही ते सांगते. तुमचा आवाज मी ऐकलेला नाही, आणि मोबाइलवरची क्लिप पाठवलीत तरी आवाज केवढा आहे ते त्यातून कळत नाही, कारण मोबाइल लहान आवाज वर आणतो आणि मोठा आवाज दाबतो, सगळे एका पातळीवर येतात. हॉलच्या शेवटच्या रांगेत बसूनच ते कळतं. शिवाय २३ हे बॅरिटोनसाठी अगदी लहान वय आहे, पुरुषांचे खालचे आवाज उशिरा तयार होतात, तिशीच्या आसपास खरा रंग दिसायला लागतो आणि कधी त्याच्याही नंतर. म्हणून सर चूक आहेत की बरोबर हे मी ठरवू शकत नाही, पण आत्ताच ‘पुरणार नाही’ असा शिक्का मारून टाकणं घाईचं आहे एवढं नक्की म्हणेन.

आणि पुरणार नाही म्हणजे कशाला पुरणार नाही? खरा मुद्दा इथे आहे. ऑपेरात माइक नसतो, समोर साठ-सत्तर वाद्यं असतात, पण त्यांच्यावरून आवाज पोचतो तो जोर लावून पोचत नाही. ऑर्केस्ट्राची ताकद खालच्या फ्रीक्वेन्सीमध्ये जास्त असते आणि तयार झालेल्या पुरुषी आवाजात साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास एक धार असते, तिथे ऑर्केस्ट्रा तुलनेने विरळ असतो, त्या फटीतून आवाज बाहेर येतो. आपण जिला आवाजाची फेक म्हणतो ती ही. खोलीत प्रचंड वाटणारे आवाज हॉलमध्ये दहाव्या रांगेपर्यंत विरून जाताना मी ऐकलेत आणि खोलीत बारीक वाटणारे आवाज शेवटपर्यंत स्वच्छ जाताना पण ऐकलेत. तेव्हा केवढा आवाज यापेक्षा कुठल्या हॉलमध्ये, कुठल्या ऑर्केस्ट्रासमोर, कुठली भूमिका, कुठल्या वयात, हे चार प्रश्न एकत्र विचारायला लागतात. फिशर-डीस्काऊचं करिअर मला याच चार प्रश्नांसाठी महत्त्वाचं वाटतं, त्याने ही उत्तरं फार विचारपूर्वक दिलीत.

आता त्याची गोष्ट, कारण त्यातली परिस्थिती समजली नाही तर चुकीचा धडा घेतला जातो.

जन्म २८ मे १९२५, बर्लिन. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. वडिलांच्या आईकडून आलेलं डीस्काऊ हे नाव नंतर आडनावाला जोडलं गेलं, आणि ते घराणं म्हणजे ज्या जहागीरदारासाठी बाखने १७४२ साली आपला ‘पेझंट कंटाटा’ लिहिला त्याचं. सोळाव्या वर्षी गाण्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं, पहिले गुरू गेओर्ग वाल्टर, मग बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात हेर्मान वाइसेनबोर्न. जानेवारी १९४३ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, बर्लिनच्या झेलेनडॉर्फ भागातल्या टाउन हॉलमध्ये त्याने शुबर्टची ‘विंटररायझे’ ही चोवीस गाण्यांची मालिका गायला घेतली, मध्येच ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला, श्रोते आणि गायक सगळे तळघरात गेले, आणि हल्ला संपल्यावर वर येऊन उरलेली गाणी पूर्ण केली. त्याच वर्षी सैन्यात भरती. रशियाच्या आघाडीवर घोड्यांची देखभाल, मग इटली, आणि १९४५ साली अमेरिकनांच्या हाती युद्धकैदी. त्याचा एक भाऊ अपंग होता, नाझींनी त्याला संस्थेत टाकलं आणि तिथे तो उपासमारीने मारला गेला. हे सगळं विशीच्या आत. नंतर त्याच्या गाण्यात जो गंभीरपणा आहे त्याबद्दल लोक खूप लिहितात, मला एवढंच वाटतं की हे माहीत असल्यावर ‘विंटररायझे’ ऐकताना ती एका प्रेमभंग झालेल्या तरुणाची नुसती कहाणी राहत नाही.

कैदेतली दोन वर्षं तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. इटलीतल्या छावण्यांमध्ये तो इतर कैद्यांसाठी गायचा. दमलेल्या, घराकडे लक्ष लागलेल्या माणसांसमोर, मिळेल त्या पियानोवर, बऱ्याचदा ज्यांना शुबर्टशी काही देणंघेणं नाही अशांसमोर. समोरच्याने ऐकावं असं वाटत असेल तर शब्द पोचवावेच लागतात, नुसता गोड स्वर तिथे चालत नाही. १९४७ साली सुटका झाली, आणि त्याच वर्षी बाडेनवाइलरमध्ये ब्राम्सच्या ‘जर्मन रिक्विएम’साठी ऐनवेळी बदली गायक म्हणून तालमीशिवाय उभा राहिला. जानेवारी १९४८ मध्ये बर्लिनच्या रिआस रेडिओसाठी ‘विंटररायझे’चं रेकॉर्डिंग केलं, वय २२. ते आजही ऐकायला मिळतं, जरूर ऐका.

त्याच वर्षीच्या शेवटी ऑपेरात पाऊल. बर्लिनच्या महापालिका ऑपेराचे प्रमुख हाइन्झ टीट्येन यांनी त्याला लिरिक, म्हणजे हलक्या सुरेल आवाजाचा, बॅरिटोन म्हणून घेतलं, आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये वेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मध्ये पोझाच्या भूमिकेत त्याचं पदार्पण झालं, कंडक्टर फेरेन्त्स फ्रिचाय. तारखेकडे बघा, तेव्हा बर्लिनची नाकेबंदी चालू होती, पश्चिम बर्लिनला कोळसा आणि अन्न विमानाने येत होतं, अशा शहरात ऑपेरा चालू होता. कंपनीची मूळ इमारत बॉम्बहल्ल्यात गेली होती म्हणून खेळ थिएटर देस वेस्टन्समध्ये व्हायचे, ती त्यामानाने लहान जागा.

इथे जरा थांबून पोझाबद्दल बोलते, कारण तेवीस वर्षांच्या लिरिक बॅरिटोनला ही भूमिका का मानवली ते समजणं उपयोगी आहे (मी स्वतः आज तेवीस वर्षांच्या मुलाला पोझा देणार नाही, तरी). पोझा राजपुत्राचा मित्र आहे, ध्येयवादी, थोर मनाचा, आणि त्याचं गाणं लांब सुरेल ओळींचं आहे. किंचाळायला लागत नाही, ऑर्केस्ट्रा बऱ्याच ठिकाणी मागे सरकून गायकाला जागा देतो. तुरुंगातल्या प्रसंगात तो मित्राचा निरोप घेतो, गोळी लागते आणि मरता मरता गातो, तिथे दमसास लागतो आणि मधल्या-वरच्या सुरांवर सलग ओळ धरावी लागते, पण अख्खा वेळ ऑर्केस्ट्राशी मारामारी नाही. शिवाय त्या काळात जर्मनीत परदेशी ऑपेरा जर्मन भाषेतच गायचे, त्यामुळे तो आपल्या मातृभाषेत गात होता, शब्दांवरची पकड आयती होती. म्हणजे भूमिका, हॉल, भाषा, तिन्ही त्याच्या बाजूने. चौथी गोष्ट वय, ती विरुद्ध होती, पण बाकीच्या तिघींनी सांभाळून घेतलं.

जर्मनीत प्रत्येक गायकाचं ‘फाख’ ठरतं, म्हणजे आवाजाचा वर्ग आणि त्याला साजेशा भूमिकांची यादी. बॅरिटोनमध्येच लिरिक, काव्हालियर, कॅरेक्टर, हेल्डन असे प्रकार. लिरिक म्हणजे मोझार्टचा पापागेनो, गुलिएल्मो असली मंडळी, काव्हालियर म्हणजे काउंट आल्माविवा, डॉन जोव्हानी यांच्याकडे झुकणारा, आणि हेल्डन म्हणजे वाग्नरचा वोटान, जिथे खरोखर पोलादी आवाज लागतो. फिशर-डीस्काऊ मुळात लिरिक, नंतर काव्हालियर आणि कॅरेक्टर भूमिकांकडे सरकला. तुमचे सर ‘ऑपेरा’ म्हणताना बहुधा वोटान डोळ्यासमोर ठेवून बोलत असावेत, खूप जणांचं असं होतं. पापागेनोसाठी वेगळं माप लावायला लागतं.

वाग्नर तो गायलाच की, असं तुम्ही म्हणाल. गायला, पण कसा ते बघा. १९५४ साली बायरॉइटला, म्हणजे वाग्नरच्या ऑपेरांच्या महोत्सवात, ‘टानहॉयझर’मध्ये वोल्फ्रामची भूमिका, वय २९. वोल्फ्राम हा वाग्नरच्या भूमिकांमधला सगळ्यात गाणाऱ्या गळ्याचा माणूस आहे, स्वतः कवी-गायकच आहे तो कथेत. तिसऱ्या अंकात संध्याकाळच्या ताऱ्याला उद्देशून त्याचं जे गाणं आहे त्यात हार्पची साथ आहे, ओळ मधूनमधून अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकते, ते जवळजवळ मैफिलीतलं गाणं आहे. आणि बायरॉइटचा ऑर्केस्ट्रा स्टेजखाली झाकलेल्या खड्ड्यात असतो, वरून लाकडी आच्छादन, त्यामुळे वाद्यांचा आवाज आधी स्टेजकडे जातो आणि तिथून गायकाच्या आवाजात मिसळून प्रेक्षकांकडे येतो. वाग्नर गाणाऱ्या लिरिक आवाजासाठी याहून दयाळू हॉल नाही. पुढच्या वर्षांत तिथेच ‘पार्सिफाल’मधला आम्फोर्टास केला, भूमिका लांबीने मोठी नाही पण प्रसंग जबरदस्त. वोटान त्याने फक्त ‘राइनगोल्ड’मधला केला, म्हणजे वाग्नरच्या चार ऑपेरांच्या ‘रिंग’ मालिकेतल्या पहिल्या भागातला, तोही कंडक्टर काराजानबरोबर, १९६७ चं रेकॉर्डिंग आणि १९६८ साली साल्झबुर्गच्या ईस्टर महोत्सवात. त्या भागातला वोटान तरुण आहे, बोलण्याच्या अंगाने जाणारं गाणं जास्त आहे. पुढच्या ‘वाल्क्यूरे’मधला वोटान, ज्यात शेवटी पाऊण तास गळ्याचा कस लागतो, तिकडे तो गेला नाही. ‘माइस्टरझिंगर’मधला हान्स झाक्स, जो बॅरिटोनसाठी सगळ्यात लांब भूमिकांपैकी एक, तो स्टेजवर केला १९७६ साली, बर्लिनमध्ये, पन्नाशी गाठल्यावर. पंचविशीत त्याला झाक्स द्यायला कोणी ना कोणी तयार झालंच असतं, इतका तो गाजलेला होता.

स्टुडिओची गोष्ट वेगळी. रिगोलेट्टो (१९६४, कंडक्टर कुबेलिक), फ्लाइंग डचमन, टोस्कामधला स्कार्पिया, अशा जड भूमिकांची रेकॉर्डिंग त्याने केली, आणि तिथे माइक असतो, एक अंक चार दिवसांत गाता येतो, रोज ताजा गळा. पण तुम्हाला धोका इथेच आहे. तरुण बॅरिटोन ही रेकॉर्डिंग ऐकतात आणि ‘तो पण लिरिक होता, तो गायला म्हणजे मी गाऊ शकतो’ असा हिशोब करून ऑडिशनला रिगोलेट्टोची आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्याचं गाणं, घेऊन येतात. पॅनलला दुसऱ्या ओळीत कळतं की पोरगा आवाज फुगवून गातोय, आणि फुगवलेला आवाज वर गेला की एक तर बेसूर होतो नाहीतर फाटतो. ते ऐकताना मला फार वाईट वाटतं, कारण त्याच पोराने काउंट किंवा गुलिएल्मो गायला असता तर कदाचित दुसऱ्या फेरीत गेला असता.

गाणी आणि ऑपेरा हे दोन्ही एकाच गळ्यात कसं राहिलं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. माझ्या कामातून मला जे दिसतं ते सांगते. गाण्यांमधला तपशील ऑपेराला खूप देतो, पण गाण्यांची लहान चौकट ऑपेराला घातकही ठरू शकते. जो गायक फक्त गाणी गातो तो हळूहळू अर्ध्या आवाजात, ओठांच्या टोकावर गायला शिकतो, आणि मोठ्या हॉलमध्ये तो आधारच निघून जातो. आणि जो फक्त ऑपेरा गातो तो वर्षभरात एकाच जाडीची रेघ ओढायला लागतो. फिशर-डीस्काऊ दोन्ही आलटून-पालटून करत राहिला, आणि त्याचा हळू आवाज हा पूर्ण आवाजाचाच हळू भाग होता, वेगळा खोटा आवाज नव्हता. कानाला हा फरक पकडता आला पाहिजे.

तो पकडायचा एक अभ्यास देते, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या तरुण गायकांना हाच देते. ‘विंटररायझे’मधलं पहिलं गाणं ‘गूटे नाख्ट’ घ्या. चार कडवी, पियानोत चालण्याच्या गतीचे सतत एकसारखे सूर, मूळ पट्टी डी मायनर, बॅरिटोन ती खाली घेतात. पहिली तीन कडवी उदास वाटणाऱ्या मायनरमध्ये, आणि चौथ्या कडव्याला शुबर्ट एकदम उजळ वाटणाऱ्या मेजरमध्ये नेतो, जिथे तो मुलगा म्हणतो की तू झोपली आहेस, तुझं स्वप्न मोडणार नाही, पाऊलही वाजू देणार नाही. बहुतेक विद्यार्थी मेजर आला की सुटकेसारखं गोड गायला लागतात, आवाज उघडतात. तिथे उलट करून बघायचं: श्वास तेवढाच, शरीराचा आधार तेवढाच, फक्त आवाज कमी, आणि व्यंजनं स्वच्छ पण ठिपक्यासारखी हलकी. व्यंजन तालाच्या किंचित आधी म्हणायचं म्हणजे स्वर बरोबर ठोक्यावर पडतो, नाहीतर गाणं पियानोच्या मागे ओढल्यासारखं वाटतं. मी पियानोवर असते तेव्हा गायक व्यंजन उशिरा म्हणतोय हे मला हाताला कळतं, वाट बघायला लागते.

मग हेच गाणं फिशर-डीस्काऊच्या तीन वेगवेगळ्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका: १९४८ चं रिआसचं, साठ-सत्तरच्या दशकातलं पियानिस्ट जेराल्ड मूरबरोबरचं कुठलंही, आणि १९८५ चं आल्फ्रेड ब्रेंडेलबरोबरचं किंवा १९९० चं मरे पेराहियाबरोबरचं. तेच गाणं, तोच माणूस, बाविसाव्या वर्षी आणि साठीनंतर. सुरुवातीला आवाज मलईसारखा आहे, शेवटी तो कोरडा झालाय, काही ठिकाणी सूर धरून ठेवायला कष्ट पडतायत ते लपत नाही, पण चौथ्या कडव्याला काय करायचं याची समज तिसऱ्यात सगळ्यात खोल आहे असं मला वाटतं. जेराल्ड मूरबरोबर त्याने १९६६ ते १९७२ या काळात शुबर्टची पुरुष आवाजाला साजेशी चारशेहून जास्त गाणी रेकॉर्ड केली, तेव्हा तो चाळिशीत होता, आवाज आणि समज दोन्ही एकत्र असण्याचा तो काळ. एखादं गाणं शिकायचं असेल तर त्या संचातलं ऐका, मात्र आधी स्वतः कागदावरून शिकून मगच. आधी ऐकलंत तर त्याचे श्वास, त्याचे ठहराव तुमच्या गळ्यात बसतात आणि ते काढायला फार वेळ जातो.

हे मी मुद्दाम सांगतेय. त्याच्याबद्दल एक टीका नेहमी होते की तो प्रत्येक शब्दाखाली रेघ मारतो, अर्थ सांगायच्या नादात ओळ तुटते. काही रेकॉर्डिंगमध्ये हे मला पटतं, विशेषतः नंतरच्या. त्याची नक्कल करणाऱ्या गायकांमध्ये तर नुसत्या रेघाच उरतात, सूर राहतच नाही. आणि इटालियन ऑपेरासाठी त्याला आदर्श धरू नका. त्याचा रिगोलेट्टो हुशारीने गायलेला आहे, पण वेर्दीची ओळ स्वरांवर तोललेली असते, त्यासाठी तीतो गोब्बी, एत्तोरे बास्तियानीनी, रेनातो ब्रूझोन यांच्याकडे जा. जर्मन बॅरिटोनमध्येच हेर्मान प्राय ऐका, जवळजवळ त्याच वयाचा, तोही बर्लिनचाच, त्याच्या पापागेनोमध्ये आणि फिगारोमध्ये जी सहजता आहे ती फिशर-डीस्काऊकडे नाही. आणि हान्स हॉटर ऐका, प्रचंड मोठा आवाज, खरा वोटान, आणि तोच माणूस ‘विंटररायझे’ गाताना तो सगळा आवाज केवढा आवरून घेतो. मोठ्या आवाजाने गाणी गाता येत नाहीत आणि लहान आवाजाने ऑपेरा, हे दोन्ही समज हॉटर आणि फिशर-डीस्काऊ एकत्र ऐकले की गळून पडतात.

त्याच्या करिअरमधलं काय तुम्हाला मिळणार नाही तेही सांगायला हवं. युद्धानंतरच्या जर्मनीत एक अख्खी पिढी मारली गेली होती किंवा कैदेत होती, तरुण गायकांची वानवा होती, त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला मोठ्या शहरात मुख्य भूमिका मिळाली. रेडिओ रोज नवीन रेकॉर्डिंग मागत होता. लगेचच लाँग प्लेइंग रेकॉर्डचा जमाना आला आणि अख्खी गाण्यांची मालिका घराघरात पोचायला लागली. १९५१ साली साल्झबुर्गला फुर्टवेंग्लरसारख्या कंडक्टरने माहलरची गाणी त्याच्याकडून गाऊन घेतली. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटनने ‘वॉर रिक्विएम’ लिहिताना एक भाग त्याच्या आवाजासाठी लिहिला, १९६२ साली कॉव्हेन्ट्रीच्या नव्या कॅथेड्रलमध्ये, युद्धात जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेल्या जुन्या कॅथेड्रलच्या शेजारी, जर्मन सैनिकाचा आवाज म्हणून एका माजी जर्मन सैनिकाने गायलं. असे योग ठरवून आणता येत नाहीत. आज गाण्यांच्या मैफिलींवर पोट भरणारे बॅरिटोन फार थोडे आहेत, त्याच्याकडे शिकलेला माथियास ग्योर्नं किंवा क्रिस्टियान गेरहाहर अशी नावं आहेत, पण तेही ऑपेरा करतातच. तेव्हा ‘आधी गाणी मग ऑपेरा’ असा क्रम आज पोटापाण्याच्या दृष्टीने जमणार नाही, दोन्ही बरोबर न्यायचं आणि पगार ऑपेरातून येणार हे धरून चालायचं.

जे मिळू शकतं ते म्हणजे त्याची नकार द्यायची शिस्त, पण त्यातही एक अडचण आहे. तो गाजलेला होता म्हणून नाही म्हणू शकत होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तो कधी गायलाच नाही, अमेरिकेत मैफिली आणि कॉन्सर्ट केले आणि तरी काही बिघडलं नाही. तुम्ही शहरी थिएटरमध्ये पहिल्या वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर असाल तेव्हा सीझनमध्ये पाच-सहा भूमिका, ऑपेरेटा (हलकेफुलके ऑपेरे), मुलांचे खेळ, सगळं तुमच्या वाट्याला येतं. कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वर्षावर्षाचं असतं, पुढच्या सीझनला नको असाल तर थिएटरने तसं ऑक्टोबरअखेर कळवायचं असतं, आणि त्या धाकाने लोक काहीही गायला तयार होतात. म्हणून कॉन्ट्रॅक्टमध्ये फाख लिहिलेलं असणं महत्त्वाचं आहे, लिरिक बॅरिटोन असं लिहिलं असेल तर जड भूमिकेला नाही म्हणायला कागदाचा आधार मिळतो. सही करायच्या आधी पुढच्या सीझनमध्ये कोणत्या भूमिका देणार आहात ते विचारून घ्यायचं, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही, इथे सगळे विचारतात.

थांबायचं कधी हेही त्याने नीट ठरवलं. ऑपेराच्या स्टेजवरची त्याची शेवटची मोठी नवी भूमिका म्हणजे आरिबेर्ट राइमानचा ‘लिअर’, म्युनिक, जुलै १९७८. या विषयावर ऑपेरा लिही असं राइमानला त्यानेच सुचवलं होतं. त्यानंतर हळूहळू स्टेज सोडलं पण मैफिली चालू ठेवल्या, १९९२ च्या शेवटच्या दिवशी म्युनिकमध्ये गाणंही थांबवलं, आणि पुढे शिकवणं, कंडक्टिंग, लेखन, चित्रं काढणं. १८ मे २०१२ ला गेला, सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दहा दिवस आधी. ऑपेरा आधी आणि गाणं सदुसष्टाव्या वर्षी सोडलं हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, आधी ऑर्केस्ट्राशी झगडा थांबवला आणि उरलेला आवाज पियानोसोबत वापरला.

तर आता तुम्ही काय करावं. अजून दीड-दोन वर्षं मुंबईत आहात असं धरते. जर्मन भाषा आत्तापासून, प्रवेशासाठी लागते म्हणून आणि गाण्यासाठी पण, संगीत महाविद्यालयांच्या अटी वेगवेगळ्या आहेत पण बी-१, बी-२ च्या पातळीची तयारी ठेवा. काही ठिकाणी वयाची मर्यादा असते, म्हणून प्रत्येक महाविद्यालयाच्या वेबसाइटवर नीट वाचा आणि तिशीपर्यंत थांबू नका. मास्टर्सला अर्ज करायचा तर आधीची पदवी संगीतातली लागते हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं, ग्रेड परीक्षा म्हणजे पदवी नाही, तेव्हा तुम्हाला बहुधा बॅचलरपासून सुरुवात करावी लागेल. एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या कार्यक्रमात गायक असेल तेव्हा जमेल तेवढ्या मागच्या रांगेत बसून ऐका, कुणाचा आवाज तिथपर्यंत येतो, कसा येतो. आणि तुमच्या सरांना मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसवून एकदा तुमचा आवाज ऐकायला सांगा, जमलं तर बरोबर दुसऱ्या कुणा शिक्षकालाही न्या. त्यांचं मत बदलेल किंवा पक्कं होईल, दोन्ही तुमच्या उपयोगाचं आहे.

प्रवेशपरीक्षेसाठी यादी करताना पापागेनोची एक आरिया, ‘कोसी फान तुत्ते’मधला गुलिएल्मो, हेंडेल किंवा बाखचं एक, शुबर्टची दोन आणि शूमानचं एक गाणं, एवढं पुरे. वोल्फ्रामचं ताऱ्याचं गाणं तुम्ही नक्की घालायला जाल, ते अजून दोन वर्षं घरीच गा. ‘गूटे नाख्ट’ यादीत ठेवलंत तर चारही कडवी तयार ठेवा, कारण पॅनल पहिल्या कडव्यानंतर थांबवून सरळ शेवटचं गायला सांगतं, मी स्वतः पियानोवरून हे कितीतरी वेळा वाजवलंय.

तुमच्या आवाजाचा वरचा भाग कुठे बदलतो, म्हणजे मधल्या सी च्या आसपास की त्याच्या वर ई-एफ पर्यंत, आणि सध्या सरावाला कोणती गाणी आहेत, हे लिहिलंत तर यादीबद्दल अजून नेमकं सांगता येईल.